माझा रिलीव्हर

आमच्या क्वार्टरमागच्या अंगणात हिवाळ्याची सकाळ फार सावकाश उतरते. पेरूच्या पानांवर आधी धुकं, मग त्यातून गाळून आलेलं ऊन, आणि त्या उन्हात शाल गुंडाळून बसलेली माझी आठ वर्षांची लेक. कॉलनीतली मुलं शाळेच्या बसमधून केव्हाच गेलेली असतात. रस्ता इतका शांत होतो, की मला वाटतं आम्ही दोघी अजून झोपेतच आहोत.

लेक शाळेत जात नाही. आम्ही तिला घातलंच नाही. ती जे विचारेल त्याच्या मागे आम्ही जातो. या हिवाळ्यात तिने सूर्य धरला. रोज पहाटे उठून तो कुठून वर येतो ते बघायचं आणि कुंपणाच्या भिंतीवर खडूने खूण करायची.

"आई, सूर्य सरकून राहिला! पहले टंकी के पीछे था, आता निंबाकडे चालला."

सूर्य उगवायची जागा रोज थोडी सरकते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

त्या दिवशी पायरीवर बसून आम्ही त्या खुणांकडे बघत होतो, आणि बोरसीहून स्कूटरवर माझे बाबा आले. बाबांनी उभी हयात प्लांटमध्ये शिफ्टा करत काढली. रिकामं बसलेलं माणूस त्यांना बघवत नाही.

"तुले सकाळी उठाचा कंटाळा, दुसरं काही नाही," ते म्हणाले. "मायच्या आळसापायी पोरीचं वाटोळं होऊन राहिलं. जूनमध्ये मीच नाव टाकतो तिचं."

लेकीने खडू खाली ठेवला. ते मला फार झोंबलं.

आळस! अकरा वाजता तिला घेऊन सिविक सेंटरच्या बाजारात गेले की दुकानदारही विचारतो, "आज छुट्टी है क्या?" कसली छुट्टी? दिवसभर तिच्या प्रश्नांमागे धावायचं, "मलाही माहीत नाही, बघू या" म्हणायचं, आणि आपलं चुकलं तर या भीतीने आतल्या आत घाबरायचं. आळशी माणसाचं हे काम नाही.

पण बाबांना कसं सांगणार? मग त्यांचाच एक शब्द आठवला. शिफ्ट संपली की आपल्या जागी येतो तो रिलीव्हर. तो आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बाबांना उशीर झाला की आई ताट झाकून म्हणायची, "रिलीव्हर नसन आला."

"बाबा, रिलीव्हर नाही आला तर तुमाले कोणी आळशी म्हणे का?"

"कावून म्हणन? डबल ड्यूटी करत होतो मी!"

"कॉलनीतल्या साऱ्या आयांचा रिलीव्हर सकाळी बस घेऊन येते. माहा येतच नाही, बाबा."

 बाबा चहा अर्धा ठेवून निघून गेले. मला वाटलं, आता काही महिने येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धुक्यात स्कूटरचा आवाज आला. बाबा मफलर गुंडाळून सरळ मागच्या अंगणात गेले आणि नातीशेजारी पायरीवर बसले.

"कुठून निंघते वो तुहा सूर्य? दाखव मले."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जाय, झोप थोडी. रिलीव्हर आला."

मी आत जाऊन पांघरूण ओढलं आणि पोटभर रडले. आणि मग खरंच झोपले.