कल्याणच्या कोणत्या देवाला?

ठाण्याच्या माणसाने सुट्टीत कल्याणला जावे, याचे आमच्या कचेरीत सगळ्यांना हसू आले. "अहो, माथेरान तरी सांगा," एकाने सुचवले. मी म्हटले, माथेरानात माझे काही अडलेले नाही, कल्याणात आहे.

अडले होते ते असे. मी तान्हा असताना वडील कल्याणच्या बंदरावर भाताच्या वखारीत मुनीम होते. तिथे मला ताप भरला, वैद्याने हात टेकले, तेव्हा आई नवस बोलली : पोर जगले तर कल्याणच्या देवाला पाच नारळांचे तोरण. पोर जगले, पन्नाशीला आले, त्याला टक्कलही पडले. तोरण तेवढे राहिले. वडिलांची नोकरी सुटली, बिऱ्हाड संगमेश्वराकडच्या गावी परतले. "एकदा जायला हवं रे," असे आई शेवटपर्यंत म्हणे. कोणत्या देवाला, ते मात्र तिने कधी सांगितले नाही.

आमची लेक सुमन दोनदा पोटुशी राहिली आणि दोन्ही वेळा रिकामी झाली. तिसऱ्या खेपेला ती आमच्या नौपाड्यातल्या बिऱ्हाडी आली, तेव्हा आमच्या मंडळींनी निदान केले, "तुमच्या आईंचा नवस आडवा येतोय." मी रोज देवापुढे बसणारा माणूस आहे. पण देव पाच नारळांसाठी इतकी वर्षे डूख धरील, आणि तोही माझ्यावर सोडून माझ्या लेकीच्या बाळावर, हे मला त्याच्या इभ्रतीला शोभेसे वाटेना. हिला मात्र ते पटले होते. तिचे अन्न तुटले, आणि आईचा चेहरा पाहून सुमनही घाबरू लागली. म्हणून आम्ही दोघे निघालो.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. शेजारच्या काकूंना सुमनजवळ बसवून गाडी धरली. डबा मोकळा होता. मुंब्र्याच्या डोंगरापासून पुढे दोन्ही बाजूंना भात पिवळे पडले होते. डोंबिवलीला एक गृहस्थ उतरले आणि एक बकरी चढली. तिकिटाबद्दल तिला कोणी विचारले नाही.

कल्याण स्टेशनाबाहेर निर्वासित सिंधी मंडळींनी पापडाची आणि मिठाईची दुकाने थाटली आहेत. तिथला मुगाचा पापड जरूर घ्यावा. टांगेवाले चार आणे सांगतात, तीन आण्यांवर येतात. आम्हाला मिळाले हुसेनभाई.

"कुठं नेऊ?"

"देवाकडे."

"कंच्या?"

"तेच शोधायचंय."

त्यांनी मागे वळून आमच्या पिशवीतले नारळ पाहिले. "मंग साहेब, दिवसाचंच ठरवा."

आधी दुर्गाडीचा किल्ला. आरमाराची सुरुवात इथे झाली म्हणतात, म्हणून मी छाती काढून चढलो. चढ अगदी लहान आहे, छाती आत घ्यायच्या आत माथा येतो. तटबंदी पडकी आहे, सावली नाही, तेव्हा सकाळीच जावे. खाली खाडीचे पाणी उन्हात चकाकते आणि शिडाची पडावे सुस्त उभी असतात. पायथ्याशी फुले विकणाऱ्या म्हातारीला हिने विचारले, "आजी, वर देवीला कौल लावतात का?"

आमच्या कोकणात देवाला विचारल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"इथं तसलं काय नाय," म्हातारी म्हणाली.

"मग देवी बोलते कशी?"

"बोलते कशाला? ऐकते की."

हिचे समाधान झाले नाही. कळ्यांचा पुडा मात्र घेतला.

तळ्याकाठच्या एका लहानशा देवळातल्या महादेवापासून कौलाला सुरुवात झाली. पुजारीबुवांनी कपाळाला हात लावला, पण दक्षिणा दिसताच तो खाली घेतला. हिने पिंडीला कळ्या लावल्या आणि डोळे मिटले. वर अभिषेकपात्रातून धार चाललेली. क्षणात दोन्ही कळ्या वाहून गेल्या.

"दोन्ही पडल्या," ही म्हणाली. "म्हणजे हो की नाही?"

"आमच्या कचेरीतही असंच उत्तर देतात," मी म्हटले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने प्रदक्षिणेला लागलो.

पुढचा मारुती. तेलाशेंदराचे इतके थर की मूळ मारुती आत कुठेतरी असावा एवढीच खात्री. कळ्या बसल्या त्या बसल्याच. आम्ही भीमरूपी म्हटली, पुन्हा म्हटली. दारातून हुसेनभाईंनी विचारले, "काय म्हणतोय?"

"विचार करतोय," मी म्हटले.

बाजारातल्या राममंदिराला कुलूप. प्रभू जेवून आडवे झाले होते. (दुपारी देवळे बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) आम्हीही खाणावळीत गेलो. वालाची उसळ झकास होती. हिने ताट पुढे सरकवले आणि घासही न घेता उठली.

नंतर मी तिला बंदरावर घेऊन गेलो, वडिलांची वखार कुठे असेल ते पाहायला. वखार सापडली नाही. धक्क्याच्या पायरीवर बसून तिने पदर तोंडाला लावला.

"अहो, सुमीचं हेही बाळ गेलं तर? मी त्या पोरीला काय तोंड दाखवू?"

मी तिच्याशेजारी टेकलो. खाडीकडे पाहताना आईचा विचार आला. आई इथे आली तेव्हा सतरा-अठराची असेल. परका गाव, नवरा दिवसभर वखारीत, मांडीवर तापाने फणफणलेले मूल. तिला इथली देवळे कोण दाखवणार? मी हिला म्हटले, "आईला देवाचं नाव ठाऊकच नसेल. दिसेल त्या कळसाला हात जोडले असतील तिने. आणि तरी मी जगलो."

हिने पदर खाली घेतला. मग नाक पुसून म्हणाली, "तिनं नाव घेतलं नाही. मग देवानं तरी का विचारावं?"

"नाहीच विचारलं त्यानं. विचारतोय ते आपण."

तिने पिशवी ओढली आणि तोरणाची दोरी दातांनी तोडली. "एकेकाला एकेक. ज्याचा नवस असेल त्याला पोचेल."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी पाहुणचार समजावा."

हुसेनभाईंनी टांगा उलटा फिरवला. देवीला एक, महादेवाला एक. मारुतीच्या अंगावर कळ्या अजून तशाच होत्या, त्यालाही एक. राम उठले होते. पाचवा कोणाला, यावर टांग्यात वाद झाला. मी गणपती म्हणत होतो. ही म्हणाली, "खाडीला. सासूबाई आल्या त्या पडावातूनच ना?" नारळ पाण्यात पडला, बुडून वर आला आणि ओहोटीबरोबर ठाण्याच्या दिशेने निघाला. हुसेनभाई म्हणाले, "तुमच्याआधी घरी पोचतो बघा."

घरी पोचल्यावर हिने सुमनशेजारी बसून दोघींसाठी ताटे वाढून घेतली. "फिटलं," एवढेच म्हणाली. आई जेवते आहे हे पाहून लेकही जेवली. मला विचाराल तर त्या दिवशीचा खरा कौल हाच.

कल्याणात पाहण्यासारखे फार काही नाही, असे लोक सांगतील. ऐकू नका. पण माझे कल्याण म्हणाल तर ती धक्क्याची पायरी. तिथे आई बसली होती की नाही, मला ठाऊक नाही. तरी हल्ली सकाळी डोळे मिटले की देवाच्या आधी ती पायरी दिसते, आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही.

सुमनला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. धाकटीचा आवाज पार नाक्यापर्यंत जातो. सव्वा महिना झाला की तिला कल्याणला न्यायचे, असे हिने परवा जाहीर केले.

"कोणाच्या पायावर घालायची?" मी विचारले.

"सगळ्यांच्या."

"खाडीच्यासुद्धा?"

"आधी तिच्याच," ही म्हणाली. "बाकीच्यांना पुजारी आहेत. तिला कोण आहे?"