वैजूला उठवायचं कसं

दुपारी जेवून आडवा झालो की माझे डोळे आधी झोपतात, कान नंतर. त्या मधल्या फटीतून अनसूयाअक्का आत येतात. गावाबाहेरच्या मुलींच्या बालगृहाच्या त्या अधीक्षक होत्या. गेल्या पौषात वारल्या. मी तिथल्या समितीवर आहे. निवृत्त विनोदी लेखकाला कुठेतरी ठेवावं लागतं.

"लेखकराव, झोपलात?"

"अक्का, तुम्ही गेलात ना?"

"ते झालं हो. वैजूचं काय करताय?"

वैजू चौदा वर्षांची. पहाटे पांघरूण ओढून उठवणाऱ्या बाईंना ती कडकडून चावली. आज संध्याकाळी समिती तिला परजिल्ह्यातल्या बालगृहात धाडायचं ठरवणार आहे. तिचं हे चौथं घर.

"सगळ्यांचं प्रशिक्षण झालंय," मी सांगतो. "घरी नको ते सोसून आलेल्या मुलींशी कसं वागायचं, त्याचं. 'मायेने वागा' असा फलकही लावलाय."

"बघितला. खिळे ठोकताना निम्म्या मुली पलंगाखाली गेल्या होत्या."

माझी खोली लांबत जाते. भिंतींना लोखंडी पलंग फुटतात. मधोमध समितीचं टेबल, त्यावर सामोसे. अध्यक्ष चटणी शोधत म्हणतात, "शिस्त म्हणजे शिस्त." मला कोटी सुचते, पण तोंड उघडत नाही. मी पलंगावर आहे, पांघरूण हनुवटीपर्यंत, आणि माझे पाय फार लहान आहेत.

अक्का दारातच थांबल्यात.

"आत या ना."

"नाही. दारातूनच हाक मारायची. आधी आपलं नाव, मग तिचं. हात लावायचा नाही. ती डोळे उघडेपर्यंत थांबायचं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

अक्का हसतात. पुढचा एक दात नाही. "पहिल्या वर्षी मीही पांघरुणं ओढायची."

दिवे जातात. टेबल, सामोसे, अध्यक्ष, सगळं जातं. अंधारात पांघरुणाचं टोक हळूच उचललं जातं.

"अक्का, हा हात कुणाचा?"

"तेच तिला कळत नाही हो," अक्का लांबून म्हणतात.

हात खांद्यावर येतो. मी सगळ्या ताकदीनं तो धरतो.

"नाना! सोडा, नाना!"

सून, मधुरा. चहाला उठवायला आली होती. माझी बोटं सुटायला वेळ लागतो. तिच्या मनगटावर माझ्या नखांच्या चार कोरी उमटल्यात. एकीतून रक्त येतंय.

"कोण वाटले मी तुम्हाला?"

मी हळद आणतो, लावायला पुढे होतो, मग हात मागे घेऊन वाटी तिच्यापुढे ठेवतो.

"मधुरा, संध्याकाळी माझ्याबरोबर समितीत येशील?" मी विचारतो. "बाही वर करून."