पुस्तकलाबाईंचं छत आणि समोरून काढलेला एकच फोटो

पुस्तकलाबाईंचं नाव घरकुलाच्या अपात्र यादीत गेलं आहे. काल संध्याकाळी दिलीपने फोनवर हे पक्कं सांगितलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेली यादी त्याने वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचली. नावापुढे शेरा आहे, ‘घर सुस्थितीत’. ते घर ‘सुस्थितीत’ आणणाऱ्यांत मीही होतो, म्हणून राग निवायच्या आत हे लिहितो आहे.

दिलीप माझा जुना मित्र. तुमसरला तांदळाचं दुकान चालवतो. मे महिना उतरणीला लागला की दोन दिवस दुकान भावावर सोपवून तो आपल्या गावी कवेलू फेरायला जातो. “एकदा ये तू पण, नुसता एसीत बसून लिहून राहिला,” असं तो दर वर्षी म्हणायचा. यंदा गेलो. गाव करडीच्या बाजूला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांची कामं अजून त्याच कार्यालयात अडकली आहेत त्यांनी तशी विनंती केली आहे.

नागपूरहून पहाटेची एसटी घ्या, उशीर केलात तर ऊन सोबतीला येतं. गाडी शहापूरला थांबली तेवढ्यात उतरून हायवेलगतच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले. तिथून भंडारा, भंडाऱ्याहून दुसऱ्या गाडीने तुमसर. दोन्ही तिकिटं मिळून नागपुरातल्या एका बऱ्या थाळीपेक्षा स्वस्त पडली. तुमसरला राइस मिलच्या कोंड्याचा वास नाकात घेऊन दिलीपच्या मोटरसायकलवर बसलो. वैनगंगेत तेव्हा पाणी कमी आणि वाळू जास्त होती. पूल ओलांडल्यावर रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना उन्हाळ्यात भेगाळलेल्या धानाच्या बांध्या. गावात लॉज नाही. दिलीपच्या काकांच्या अंगणात खाट मिळाली.

कवेलू फेरणं म्हणजे मातीची कवेलं सगळी उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, सडलेल्या बांबूच्या कमच्या बदलायच्या आणि खालून वर पुन्हा ओळी लावायच्या. माकडं दर वर्षी छतांवर उड्या मारतात, त्यामुळे हे दर वर्षी करावं लागतं. ज्यांच्या घरात काम करणारं कुणी नाही, त्यांचं घर गल्ली फेरते. प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक टोपलं कवेलू, असा रिवाज आहे. मी गेलो तेव्हा पाळी पुस्तकलाबाईंची होती. साठीच्या बाई, एकट्या राहतात, रोवणीला आणि कापणीला मजुरीने जातात. घरकुलासाठी त्यांनी पहिला अर्ज दिला तेव्हा त्यांचे यजमान हयात होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झालं. छतावरचा मुख्य माणूस देवाजी. वय बाईंच्याच आसपास, पण वाशांवरून चालताना मांजर. ज्याचं घर त्याने वर चढायचं नाही, हा इथला आणखी एक नियम. कारण विचारलं तर देवाजी म्हणाला, “आपल्या घरावर माणूस भेते जी. भेला का पाय जड पडते, न् कवेलू फुटते.”

मला काम मिळालं घराच्या आत. अंधाऱ्या खोलीत लांब बांबू घेऊन उभं राहायचं आणि वर बघत राहायचं. कवेलांच्या फटीतून आभाळ दिसलं की तिथे बांबू टेकवून हाक द्यायची. वरचा माणूस तेवढंच कवेलू सरकवतो.

“पाहुणे, दिसते का काही?”

“इथे दिसतंय.”

“इथं म्हणजे कुठं? बांबू लावा! तुमचं बोट पाहाले का मले खाली डोळे आहेत?”

छतावरचे सगळे हसले. मान मोडली, डोळ्यांत माती गेली, पण अकराच्या आत एकही फट उरली नाही. जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि कैरीचं रायतं होतं. वाढताना पुस्तकलाबाई प्रत्येकाला म्हणत होत्या, “पोटभर खा, बाप्पा, पुढच्या साली घरकुल झालं का तुमचं काम नाही पडत.”

आतून मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. मागची मातीची भिंत बाहेरच्या बाजूला कलली आहे. मागच्या दाराच्या दोन बाजूंना बाहेरून दोन लाकडी बल्ल्या टेकवून ती थोपवली आहे. जेवताना देवाजीला विचारलं, तर तो आवाज खाली आणून म्हणाला, “एक पावसाळा काढन. दुसऱ्याचं नाही सांगत.” कवेलू कितीही नीट लावलं तरी ते त्या भिंतीवरच टेकलेलं आहे.

त्या संध्याकाळी निरोप आला की सकाळी घरकुलाच्या पाहणीला साहेब येणार. आणि इथे गल्लीने ती चूक केली, जी दुसऱ्या कुणी केली नसती. पाहुणा येणार म्हणून घर सजवलं. सकाळी बायांनी पांढऱ्या मातीचा पोतारा करून समोरची भिंत सारवली. दारात रांगोळी पडली. शेजारच्या घरातली चांगली खुर्ची आली. मी शंका काढली, तर पोतारा करणारी एक बाई माझ्यावरच घसरली, “काहून जी? साहेब येऊन राहिला न् घर असं ठेवाचं का? लाज नाही का वाटत आमाले?” मी विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणून दिलं.

साहेब म्हणजे तिशीतला एक तरुण. त्याने मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही.

“वा आजी, घर तर झकास आहे!”

“हो जी,” पुस्तकलाबाई खुशीत म्हणाल्या, “साऱ्याईनं मिळून केलं.”

“उभ्या राहा दारात.”

त्यांनी पदर सारखा केला. त्याने फोटो काढला. मी म्हटलं, मागची भिंत बघून घ्या, ती बल्ल्यांवर उभी आहे.

“सर, ॲपमध्ये एकच फोटो जातो. समोरचा.”

“मग खाली तसं लिहा.”

“लिहायला जागाच नाही त्यात.”

मागच्या भिंतीपर्यंत पंधरा पावलं होती. तो गेला नाही. खुर्चीवरही बसला नाही. पाण्याचा पेला मात्र माझ्या हातून घेतला. मी त्याच्या गाडीसमोर उभं राहायला हवं होतं, आणि मी त्याला पाणी पाजत होतो. पुस्तकलाबाई त्याच्या मागे हात जोडून उभ्या होत्या. काम झालं असं त्यांना वाटत होतं.

नागपूरला परतून आठवडा झाला. चार फोटो आणि अवघडलेली मान बरोबर आली होती, वाटलं होतं एक प्रसन्न पोस्ट लिहू. आता तेच फोटो बघवत नाहीत, कारण तीन समोरून काढलेले आहेत. मीही पंधरा पावलं चाललो ती एकदाच. ज्या घराला शेजाऱ्यांनी हात लावला नाही ते पडकं म्हणून पात्र, आणि ज्याला लावला ते अपात्र, अशी ही पाहणी आहे. पुढच्या वर्षी कुणाचं घर फेरायचं म्हटलं तर गल्लीतली माणसं आधी यादी लागायची वाट बघतील. एवढं नुकसान करायला एका फोटोपेक्षा जास्त काही लागलं नाही.

दिलीपला कार्यालयात कुणीतरी खासगीत सल्ला दिला, अर्धी कवेलं उतरवा, भिंतीला चिखल फासा आणि मग हरकत घ्या. देवाजी हे ऐकून उठूनच गेला. पुस्तकलाबाई म्हणाल्या, “साऱ्याईनं लावलेलं कवेलू मी नाही उतरवत. आहे ते दिसत नसन त त्याचे डोळे तपासा म्हणा.”

हरकत गुरुवारच्या ग्रामसभेत मांडली जाईल. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस जाणार आहे, कवेलू फेरायला जातो तसाच. मागच्या भिंतीचा तो एकुलता फोटो मोठा छापून मी पहाटेच्या एसटीने निघतो आहे. फेरपाहणी मंजूर होईल असं दिलीपला वाटतं, आणि बहुधा तोच तरुण येईल. रांगोळी तेव्हाही असेल, पुस्तकलाबाईंनी तसं बजावलं आहे. समोरच्या दाराला मात्र आतून कडी असेल. त्याला घरात यायचं असेल तर मागून, त्या दोन बल्ल्यांच्या मधून यावं लागेल.