दुपारची झोप, वीस मिनिटं

“हिले गोळ्या द्या मॅडम, नाहीतर हिचा बाप येऊन राहिला उद्या माहेरी न्याले!” कामठ्याच्या गिरजाबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. सोबत त्यांची सून सविता. गोंदियाच्या माझ्या ओपीडीत ती खुर्चीवर टेकली आणि झोपलीसुद्धा.

“आळशी आहे का?” मी विचारलं.

“आळशी कायची! झोपेतही हात चालतात तिचे. धानाच्या रोवणीत बाकी बायांच्या ओळी सरळ, हिची बांधाले जाऊन धडकते. अन् कोणी हसवलं का फतकल मारून चिखलात!”

मी पेन खाली ठेवलं. इतकी नेमकी हिस्टरी शिकलेले लोकही देत नाहीत. झोपेत काम चालू राहणं, हसताना गुडघे ढिले पडणं, ही नार्कोलेप्सीची लक्षणं. मेंदूला झोप आणि जाग नीट वेगळी ठेवता येत नाही, मग भरदिवसा झोप घुसते. मी सविताच्या वडिलांना फोन लावला आणि महिनाभर थांबायला सांगितलं. नागपूरच्या स्लीप लॅबच्या रिपोर्टनं माझा अंदाज खरा ठरवला.

सकाळी एक गोळी सुरू केली. तिनं जागं राहायला मदत होते, आजार जात नाही. म्हणून बजावलं, दुपारी वीस मिनिटं झोपू द्या.

महिन्यानं दोघी आल्या. सकाळ सुधारली होती, दुपार तशीच.

“जेवण झाल्यावर झोपते का?”

“काऊन झोपन? रोवणीत सून झोपली तं गाव काय म्हणन?”

माझं डोकंच फिरलं. चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, ‘जेवणानंतर झोप, २० मिनिटं, रोज. चुकवू नये.’ खाली सही, वर शिक्का. गिरजाबाईंनी घडी करून कागद बटव्यात ठेवला.

आठवड्यात त्यांचा फोन. “मॅडम, काल कामात झोप राहून गेली. आज दोन देल्ल्या तं चालते ना?”

मी पोट धरून हसले.

पुढच्या भेटीला सविता टक्क जागी होती. बोललीही तीच. “बाबा आले होते. जेवले अन् एकटेच गेले.” मला फार बरं वाटलं.

“आणि गाव?” मी गिरजाबाईंना विचारलं.

“एक बाई म्हणे, तुही सून दिवसा झोपते. मी म्हणलं, तिले डॉक्टरनं लिहून देल्लं आहे. तू रिकामी बसून राहतं, तुह्याजवळ आहे का कागद?”

तेव्हापासून आराम, फिरणं, पाणी पिणं, सगळं मी चिठ्ठीवरच लिहिते. शिक्क्याची शाई तेवढी जास्त लागते.