जाऊबाईंचा हायपो

आमच्या जाऊबाईंच्या उजव्या हाताची तीन नखं कायम तपकिरी असत. हळदीकुंकवाला गेल्या की नवख्या बायका त्या हाताकडे बघून जरा मागे सरकत. जाऊबाई हसून म्हणायच्या, "रोग नाही हो, फोटो आहे," आणि ओटी भरून होते न होते तोच घराकडे निघायच्या. स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा निम्म्यावर उठायच्या. का, तर आत फोटो पाण्यात पडलेत.

बऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात थोरल्या भाऊजींचं फोटोचं दुकान होतं आणि त्याच्या मागेच आमचं घर. फोटो भाऊजी काढत. पण धुवायच्या औषधाने त्यांच्या हातांना फोड येऊ लागले, तेव्हा अंधाऱ्या खोलीतलं काम जाऊबाईंनी अंगावर घेतलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला या गोष्टीचं फार नवल वाटलं. त्यांनी एकदा मला लाल कंदिलाच्या उजेडात उभं केलं आणि समजावलं, "या कागदावर चांदीचा लेप असतो. उजेड लागला तिथली चांदी औषधात काळी पडते, तोच फोटो. उरलेली चांदी हायपो नावाचं दुसरं औषध काढून नेतं. पण हायपो म्हणजे कामाला आलेला आणि मग जायचं नाव न घेणारा पाहुणा. त्याला पाण्याने घालवावं लागतं, नाहीतर तो फोटोच खातो."

भाऊजींना ही धुलाई म्हणजे वेडेपणा वाटे. "गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तुझ्या आंघोळी चालल्यात!" ते बाहेरून ओरडत. आतून उत्तर येई, "दहा वर्षांनी त्याच गिऱ्हाइकाला तोंड कोण दाखवणार?"

जर्मनीशी पहिली लढाई चालू होती. त्या वैशाखात असीरगडच्या पायथ्याचं एक शेतकरी जोडपं मुलाला घेऊन दुकानात आलं. मुलगा, सुपडू, फौजेत भरती झाला होता आणि संध्याकाळच्याच गाडीने बोट गाठायला निघणार होता. आईला, कौतिकबाईंना, त्याचा फोटो हवा होता. दुकानात एक काळा कोट होता, सगळ्यांना होणारा आणि कुणालाच न बसणारा. तो घालून सुपडू ताठ बसला. आमची विहीर तळाला गेलेली. त्यात घाईघाईत, जिच्यावरून फोटो छापतात ती काच फुटली आणि एकच फोटो हाती लागला. जाऊबाई "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत भाऊजींनी तो दोन पाण्यांतून काढला, उन्हात वाळवला आणि कौतिकबाईंच्या हातात दिलासुद्धा.

पुढचे आठ दिवस जाऊबाईंनी घरात कुणाला धड बसू दिलं नाही. भाजी करपली, दूध उतू गेलं. नवव्या दिवशी सकाळी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "अगं, सुपडूच्या फोटोत हायपो राहिलाय. चेहरा आधी जाईल. कोट राहील आणि चेहरा जाईल. चल माझ्याबरोबर."

बैलगाडीने आम्ही दुपारी पोचलो. कौतिकबाईंनी फोटो देवाशेजारी ठेवला होता. जाऊबाईंनी येण्याचं कारण सांगताच त्यांनी तो उचलून छातीशी धरला.

"पोऱ्या समुद्रावर हाये, न् तुम्ही त्याले पान्यात घालू म्हनता?"

"चूक आमची आहे, बाई. आम्ही नीट धुतला नाही."

"असू द्या. पन पान्यात नाही."

जाऊबाई अंगणात गेल्या, दोन-चार येरझाऱ्या घातल्या आणि परत आल्या. "लहानपणी त्याला न्हाऊ कोण घालत होतं?"

"मीच. दुसरं कोन घालीन?"

"मग आताही तुम्हीच घाला. मी हात लावत नाही."

कौतिकबाईंनी फोटो पुन्हा देवाशेजारी ठेवला. मग त्यांनी परात काढली. नवरा विहिरीवरून पाणी आणत राहिला आणि त्या एकेक पाणी बदलत राहिल्या. तान्ह्याची मान धरावी तसा त्यांनी फोटोखाली तळवा धरला होता. बाराव्या पाण्याला जाऊबाई "झालं" म्हणाल्या. फोटो स्वच्छ निघाला. पुढेही तो पिवळा पडला नाही.

सुपडू मात्र परत आला नाही. पुढच्या वर्षी बसऱ्याच्या इस्पितळात तो तापाने गेला, अशी चिठ्ठी आली. त्यानंतर महिन्याभराने त्याचा बाप आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. भाऊजींशी बोलेना. जाऊबाई बाहेर आल्या तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही चाला. त्याची माय रोज त्याले न्हाऊ घालते. माझं ऐकत नाही."

आम्ही पुन्हा गेलो. फोटोचा एक कोपरा सुटला होता, कोटाचा खांदा फुगून वर आला होता. चेहरा अजून शाबूत होता. जाऊबाईंनी पाण्यात तुरटी विरघळवली. तुरटीने लेप कागदाला पुन्हा घट्ट धरतो. परात कौतिकबाईंपुढे सरकवून त्या म्हणाल्या, "हे शेवटचं. यानंतर पाणी लावलं तर चेहरा निघून हातात येईल."

"मंग मी काय करू, माय?" कौतिकबाईंनी विचारलं.

कौतिकबाईंनी फोटो त्या पाण्यात अलगद सोडला, बराच वेळ तसाच धरला आणि मग स्वतःच्या पदरावर सावलीत पसरला.

दुसऱ्या दिवशी परतताना तापी दिसली तशी जाऊबाईंनी गाडीवानाला गाडी हळू घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी तिला धुवायला शिकवलं गं. थांबायचं कधी, ते सांगायचं राहून गेलं."