सरळ रेषेतलं सरपण

"झाडं कुठायत?" मी ड्रायव्हरला विचारलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत? पण खेकसायला दुसरं कोणी जवळ नव्हतं.

समोर सरकारी जंगल होतं आणि त्याच्या मधोमध भांग पाडावा तसा उघडा पट्टा. खोडं नाहीत, बुंधे नाहीत, मुळंसुद्धा उपटून नेलेली. जेसीबी फिरवून जमीन सपाट केली होती. दोन्ही कडेला कंपनीच्या लाल-पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या.

ही दोन हजार सात-आठची गोष्ट. मी मूळची साताऱ्याची, वनस्पतिशास्त्रातली. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे चेन्नईत आले आणि अण्णा नगरच्या एका कन्सल्टन्सीत लागले. आमच्या क्लायंटला इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांपर्यंत गॅसची पाइपलाइन न्यायची होती आणि वाटेत हे जंगल होतं. अशा कामाआधी बेसलाइन सर्व्हे लागतो. म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी तिथे कोणती झाडं आहेत, कोणते प्राणी आहेत, याची नोंद. ती वाचून सरकार परवानगीचं ठरवतं. इथे परवानगीचा अर्जही पुरता झाला नव्हता आणि पट्टा साफ! पेशंटला जाळून आल्यावर डॉक्टरला तपासायला बोलावतात का कुणी?

परतताना जंगलाच्या कडेच्या वस्तीत पाण्यासाठी थांबलो. सेल्वी नावाच्या बाईने तांब्या दिला आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून विचारलं, "फॉरेस्ट ऑफिसकडून आलात का, अम्मा? माझ्या माणसाला कधी सोडणार?"

मी फॉरेस्टची नाही म्हटलं, तरी ती सांगत सुटली. एका कंत्राटदाराने तिच्या नवऱ्याला, एळुमलैला, रोजंदारीवर झाडं तोडायला नेलं होतं. परवानगी आहे म्हणाला. फॉरेस्टवाले आले तेव्हा कंत्राटदार पसार आणि एळुमलै हातात कोयता घेऊन उभा. गुन्हा त्याच्यावर. जामीन नाही.

"एकट्याने सगळं जंगल तोडलं म्हणे!" सेल्वी म्हणाली. "अहो, घरात एक खिळा ठोकायला सांगितला तर दोन दिवस लावतो तो माणूस!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसला पोचल्यावर तडक राव सरांच्या केबिनमध्ये शिरले. राव सर आमचे बॉस. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. एरवी इंग्रजीत बोलायचे, पण काही वाकडं काम करून घ्यायचं असलं की त्यांना मराठी आठवायची.

"तुम्ही तिथे काय पाहिलें?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. झाडं तोडून टाकलीत."

"मग तेंच लिहा. झाडें नाहींत."

"सर, नाहीत आणि नव्हती यात फरक आहे!"

"बाई, रागे भरूं नका. चहा घ्या."

चहा घेतला नाही. रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं, की पट्टा सर्व्हेच्या आधीच यंत्राने साफ केलेला आहे. दोन्ही बाजूंच्या जंगलात काय उभं आहे ते बघून, मधे काय असणार याचा अंदाजही जोडला. ही आमच्या शास्त्रातली मान्य पद्धत आहे, मी काही मनचे मांडे खात नव्हते.

ड्राफ्ट छापून आला तेव्हा माझा परिच्छेद गायब. त्या जागी एक वाक्य: स्थानिक लोकांनी सरपण गोळा केल्यामुळे हा भाग विरळ झाला आहे.

हे वाक्य आमच्या धंद्यातला तयार मसाला आहे. कुठल्याही रिपोर्टमध्ये टाका, चालतं. जंगल कुणीही खावं आणि नाव मोळीवाल्या बाईचं घ्यावं! पण या वेळी एक जिवंत माणूस तुरुंगात होता. उद्या कोर्टात हेच वाक्य वाचून दाखवलं असतं, की बघा, तज्ज्ञसुद्धा हेच म्हणतात. आणि तज्ज्ञ म्हणून नाव कुणाचं? माझं!

जंगल अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे जनसुनावणी सक्तीची होती. म्हणजे अधिकाऱ्यांसमोर गावकऱ्यांनी प्रश्न विचारायचे आणि कंपनीने उत्तरं द्यायची. ती एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये झाली. स्टेजवर अधिकारी, कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर मूर्ती, राव सर आणि मी. समोर गर्दी.

सेल्वी उभी राहिली. माइक नकोच होता तिला.

"झाडं कुणी तोडली ते सांगा, आणि माझा माणूस परत द्या!"

मूर्ती हसतमुखाने म्हणाले, "कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही. ते सरपणामुळे झालंय, रिपोर्टमध्ये आहे. मॅडम सांगतील."

आणि माइक माझ्याकडे सरकवला. टेबलाखाली राव सरांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

माझं तमिळ आजही मोडकंतोडकंच आहे. त्या दिवशी मात्र अडलं नाही.

"सरपण वेचणारं माणूस वाळकं लाकूड दिसेल तिकडे जातं," मी म्हटलं. "सरळ रेषेत चालत नाही. हा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे. कडेला कंपनीच्या खुंट्या आहेत. मधे जेसीबीच्या खुणा आहेत. एळुमलैकडे जेसीबी आहे का, विचारा!"

मंडपात हशा झाला, मग आरडाओरडा. अधिकाऱ्यांनी माझं बोलणं नोंदवून घ्यायला सांगितलं. मूर्तींचं हसू मावळलं होतं.

बाहेर ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचा पगार कुणाच्या पैशातून होतो?"

"तुमच्या. म्हणूनच आजवर सगळं सरपणावर ढकललं गेलं!"

राव सरांनी मला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. इंग्रजीत.

काही आठवड्यांनी सेल्वीचा फोन आला. एळुमलै सुटला होता, केसच बंद झाली होती. ती रडत होती, हसत होती, मला जेवायला बोलावत होती. मलाही भरून आलं. वाटलं, चला, नोकरी गेली ती कारणी लागली.

मग एका जुन्या सहकाऱ्याकडून केस कशी बंद झाली ते कळलं. एळुमलैला धरून ठेवलं असतं, तर त्याला कामावर कुणी नेलं हे विचारावं लागलं असतं. ते कुणालाच नको होतं. म्हणून सुनावणीतलं माझं बोलणं फायलीत पडून राहिलं, अंतिम रिपोर्टमधून सरपणाचं वाक्य काढलं आणि लिहिलं, की या पट्ट्यात मुळात झाडं नव्हतीच. झाडंच नव्हती तर तोड कसली? गुन्हा कसला? एळुमलै सुटला, कंत्राटदार सुटला, कंपनीही सुटली. पाइपलाइनला मंजुरी मिळाली.

सेल्वीला हे मी कधीच सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? तिचा माणूस घरी होता. पण आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. एक अख्खं जंगल, आणि ते कधी नव्हतंच म्हणे!

या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगते: झाडं मोजायला जा, जरूर जा, पण तुम्हाला उशिरा का बोलावलं ते आधी विचारा.