डेर्नाने रंगवलेली लाल मोटरसायकल

आमच्या गावात मोटरसायकल नसलेली अशी मी एकटीच. पाद्रीबुवांकडेसुद्धा आहे. त्यामुळे नेव्हिओची लाल गाडी गुलाबी झाल्याची गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. वीस उन्हाळे अंगणात उभं राहून तिच्या अंगावरचं सगळं प्लास्टिक विटलं होतं. चौकातल्या बारमध्ये कायम बसलेल्या ग्वाल्तिएरोने तिला नावच पाडलं, ‘मोर्तादेला’. खाटकाच्या दुकानात लटकतं ना ते जाडजूड गुलाबी सॉसेज, तेच.

“काय रे नेव्हिओ, मोर्तादेला कुठे निघालं आज? पाव आणू का बरोबर?” असं तो रोज विचारायचा.

नेव्हिओ हसून सोडून द्यायचा. त्याची बायको डेर्ना मात्र सोडून देणाऱ्यांतली नव्हती.

डेर्ना माझ्या खालच्या मजल्यावर राहते. वय चौसष्ट, दंड अजून पैलवानासारखे. जवळच्या फाएन्झा शहरातल्या चिनीमातीच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं बश्या आणि सुरया रंगवल्या. एप्रिलमधल्या एका रविवारी ग्वाल्तिएरोने भर चौकात पुन्हा तोच विनोद केला आणि डेर्ना कॉफीचा कप अर्धा ठेवून घरी आली. मी जिन्यात उभी होते.

“मास्तरीणबाई, प्लास्टिकला रंग लागतो का हो?”

“मला काय ठाऊक? मी व्याकरण शिकवत होते.”

“लागतो. लागलाच पाहिजे,” असं म्हणून तिने स्क्रू पिळायचं हत्यार उचललं.

संध्याकाळपर्यंत गाडी नागडी झाली होती. पुढचं नाक, दोन बाजूंची मोठी पॅनेलं, शेपटी, मडगार्ड, सगळं सुटं करून डेर्नाने न्हाणीघरातल्या टबात भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. नेव्हिओ टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा.

“अगं, मी आंघोळ कुठे करू?”

“नदी काय आटलीय?”

पुढचे तीन दिवस ती ओल्या पॉलिश पेपरने ते प्लास्टिक घासत बसली. चौथ्या दिवशी तिने अंगणात खुर्च्यांवर पॅनेलं मांडली आणि लाल रंगाचे स्प्रेचे डबे घेऊन सुरू झाली. वारा सुटला होता, माझ्या पांढऱ्या चादरी वर दोरीवर होत्या. पुढचं सांगायला नको. गोवर आल्यासारखे लाल ठिपके!

दुसऱ्या दिवशी सकाळी डेर्ना जर्दाळूचा मुरांबा भरलेला टार्ट घेऊन वर आली. चेहरा पडलेला.

“रागावू नका बाई. चादरी मी धुऊन देते.”

“निघेल का हा रंग?”

“तेच तर! गाडीवरचा नुसत्या नखाने निघतोय, दुधावरच्या सायीसारखा. आणि तुमच्या चादरीवरचा निघत नाही. असला मेला रंग!”

आम्ही दोघींनी अर्धा टार्ट तिथेच संपवला. मग गाडीची शेपटी बगलेत मारून ती रंगाच्या दुकानात गेली. मीही गेले, कारण मला आता राहवत नव्हतं. दुकानदार क्विंतोने चष्मा कपाळावर चढवून पोपडा उचलून पाहिला.

“खाली काय लावलं होतंस?”

“काही नाही. साबणाने धुतलं, घासलं.”

“वा! आणि घासून उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर थेट रंग? अगं, त्याचं अंग गुळगुळीत असतं, ते रंगाला धरून ठेवत नाही. आधी हा प्लास्टिकचा प्रायमर. तो धरतो, मग त्याला रंग धरतो, आणि शेवटी वरून चकाकीचं पारदर्शक लॅकर. आणि प्रत्येक थर पातळ. पहिला तर इतका पातळ, की हा काय रंग झाला का, असं वाटलं पाहिजे.”

“क्विंतो, थर मला शिकवू नकोस. प्लास्टिक शिकव.”

त्याने शिकवलं. डेर्नाने सगळं पुन्हा घासलं, पुसलं, प्रायमर मारला, लाल रंग दिला. या वेळी तो असा बसला की मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. पण मे महिना लागला होता आणि नदीकाठच्या पॉप्लरच्या झाडांनी नेमका त्याच दुपारी कापूस सोडला. दहा मिनिटांत गाडीच्या नाकाला पांढरी दाढी फुटली.

नेव्हिओ इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. “मोर्तादेलाचा आजोबा झाला गं!”

डेर्नाने हातातला डबा खाली ठेवला. मग तीही त्याच्या शेजारी बसली आणि दोघं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत हसत राहिली. हसून झाल्यावर तिने पॉलिश पेपर त्याच्या हातात दिला. “आता तू घास.”

जूनमध्ये दुसऱ्या रविवारी चर्चसमोर गाड्यांना आशीर्वाद देतात, सगळा गाव जमतो. त्याला आठ दिवस उरले असताना रात्री पाऊस पडला आणि सकाळी हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली. डेर्नाने गॅरेज झाडलं, धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं, पॅनेलं तारांनी छताला टांगली. केस पडू नयेत म्हणून पोहण्याची टोपी घातली, तोंडाला फिल्टरचा मास्क. हात एका संथ लयीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, कडेच्या पुढे गेल्यावरच थांबायचा. दोन थरांच्या मधे पंधरा मिनिटं. नेव्हिओ घड्याळ धरून दारात. तेवढ्यात ती आत जाऊन तव्यावर पियादा, म्हणजे आमच्याकडची पातळ रोटी, भाजायची, आम्हा दोघांच्या हातात चीज भरून द्यायची आणि पुन्हा टोपी चढवायची. शेवटी लॅकर बसलं, तेव्हा त्या लाल रंगात मला गॅरेजचं दार, नेव्हिओचं पोट आणि माझा चष्मा स्पष्ट दिसला.

रविवारी चौकात गाडी आली तेव्हा ग्वाल्तिएरो हातातलं आइस्क्रीम खायचा थांबला. गाडीभोवती एक फेरी मारली. वाकला, उठला.

“कोणाकडून करवून घेतली?”

“घरीच,” नेव्हिओ म्हणाला. “बायकोने.”

“खोटं बोलू नकोस, पाद्री बघतायत.”

पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं. डेर्नाने लगेच खिशातून मऊ फडकं काढून थेंब टिपले. “पवित्र असलं तरी डाग पडतो,” ती म्हणाली. पाद्रीबुवाच आधी हसले.

मग नेव्हिओने किल्ली तिच्यापुढे धरली. “चालव.”

“वेडा आहेस का? लायसन आहे, पण हात कधी बसलाय माझा?”

“इतका बसलेला हात या गावात दुसरा नाही. चल, मी मागे बसतो.”

ती बसली. गाडी दोन गचके खाऊन सुरू झाली आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे, बैलगाडीच्या चालीने डोंगराच्या रस्त्याला लागली. मागे चाळीस गाड्यांचे हॉर्न. नेव्हिओ मागे वळून ओरडत होता, “घाई आहे त्यांनी उडून जा! रंग नवीन आहे!”

संध्याकाळी ती दोघं पिशवीभर चेरी घेऊन परतली. डेर्नाच्या केसांना हेल्मेटने घडी पडली होती आणि डोळे वाऱ्याने लाल.

“बाई,” ती मला म्हणाली, “चाळीस वर्षं मागे बसून मी फक्त याची पाठ पाहिली. पुढे केवढा डोंगर आहे हो!”

सोमवारी सकाळी दारात ग्वाल्तिएरो उभा होता. बगलेत त्याच्या गाडीचं विटलेलं मडगार्ड, चेहऱ्यावर नवऱ्या मुलासारखा संकोच.

“डेर्ना, वेळ आहे का गं?”

“वेळ आहे,” ती म्हणाली. “पण आधी घरी जा आणि ते तुझ्या टबात भिजव. आमच्या टबात आजपासून नेव्हिओ.”